हलीमाच्या गोळीची वेळ

नसरीन, हलीमा तुझ्या घरी आली होती, तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी. असं जैतूनखाला म्हणते.

तुमच्या हॉलमध्ये भिंतीकडेच्या गादीवर बसली होती म्हणे. काळा बुरखा, मान खाली, कुणाशी बोलली नाही, चहा दिला तो तसाच ठेवून उठली. "तुझ्याच तर बाजूला बसलेली गो," खाला मला म्हणाली, "तू तिच्याकडे बघितलंस पण नाय." मी खरंच बघितलं नाही. त्या दुपारचं मला आठवतं ते एवढंच: एसीचा आवाज फार मोठा होता, कुणीही आत आलं की तुझी अम्मी "जेवून आलीस काय?" असं विचारत होती, आणि माझ्या उजव्या हाताला गादीवरची जागा रिकामी होती. ती रिकामी होती हे मी शपथेवर सांगितलं असतं.

आणि हलीमाला यायला जमणारच कसं? एक तर ती नव्हतीच. इथे बहरीनमध्ये, हूऱ्यातल्या खालाच्या फ्लॅटमध्ये, एका गुरुवारी दुपारी, माझ्यादेखत तू तिला बोलता बोलता जन्माला घातलंस. आणि दुसरं म्हणजे, तू जायच्या नऊ दिवस आधी मी तिला मारून टाकलं होतं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "पुणेकरीण, सुरुवातीपासून सांग, शेपटाकडून नको." बरं, सुरुवातीपासून.

पब्लिक हेल्थच्या दुसऱ्या वर्षाला आपल्याला प्रोजेक्ट मिळालं: आपापल्या लोकांत जाऊन एचआयव्हीबद्दल बोलायचं. फिलिपिनो मुलींनी मेणबत्त्या लावून कार्यक्रम केला, केरळच्या मुलांनी नाटुकलं बसवलं. मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच, म्हणून मॅडमनी तुझी-माझी जोडी लावली. नाहीतर सखीरच्या त्या भल्यामोठ्या कॅम्पसवर मी तुझ्याशी बोलले असते की नाही, कुणास ठाऊक. माझे बाबा बँकेत, आमचा गोतावळा गणपती आणि दिवाळी पहाट करणारा. तुझे अब्बा बंदरावर कारकून, गाव दापोलीकडे, आणि तुझ्या ओळखीच्या बायका गुरुवारी दुपारी जैतूनखालाकडे जमणाऱ्या. पहिल्याच दिवशी तू मला लिफ्टमध्ये बजावलंस, "आत गेल्यावर आधी खायचं, मग बोलायचं. तुमच्या पुण्यासारखं नको, आधी बोलायचं आणि मग पाणीपण नाय." मला राग आला होता. आणि मी खाल्लं नाही. तिथेच माझं चुकलं.

मी तक्ता लावला. लाल रिबीन, चार बाण, कशाने होतो, कशाने होत नाही. दहा-बारा बायका समोसे खात माझ्याकडे बघत होत्या, जसं टीव्हीवर दुसऱ्या देशाच्या बातम्या लागल्यावर बघतात. खाला म्हणाली, "आमच्यात असलं काय नाय हां बाय. आमचे पुरुष नमाजी." दुसरी म्हणाली, गावात एकाला निघालं होतं, त्याचं ताट-वाटी शेवटपर्यंत वेगळं ठेवलं. तिसरीने हळूच मुद्द्याचं काढलं: मेडिकलमध्ये काही निघालं तर व्हिसा खलास, नवऱ्याची नोकरी खलास, पोरांची शाळा खलास, आणि गावाला परत गेल्यावर लोक विचारणार ते वेगळंच. त्यापेक्षा तपासायचंच नाही. मी तक्त्यावर पट्टी ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पट्टी आपटलीसुद्धा, असं तू नंतर सांगायचीस.

तेव्हा तू हातातला समोसा बशीत ठेवलास आणि म्हणालीस, "माझ्या वळखीची एक हाय. हलीमा."

सगळ्यांचं चावणं थांबलं.

"कुणाची गो?"

"माहेर कुठचं?"

आता आपल्या लोकांत माणसाला माहेर-सासर नसलं तर ते माणूसच नव्हे, त्यात तुमचं-आमचं काही वेगळं नाही. तू तिला माहेर दिलंस मंडणगडकडचं, सासर श्रीवर्धनकडचं. नवरा इथेच होता, त्याच्याकडून तिला आजार आला, तो तिला टाकून गेला. ती कामाला लागली. तपासून घेतलं, औषध सुरू केलं. रोज दुपारची, असरची अजान झाली की एक गोळी. एकही दिवस चुकवायची नाही. "आणि कशी हाय आता?" खालाने विचारलं. "चांगली हाय," तू म्हणालीस, "तिखट जरा कमी खाते, बाकी तुमच्या-माझ्यासारखी." मी वहीत शोधत होते की ही केस आपण कधी लिहिली. खाली उतरल्यावर मी विचारलं, कोण ही हलीमा? तू हसलीस आणि म्हणालीस, "तक्त्यापेक्षा बरी हाय ना?"

तिथून प्रोजेक्टने जोर धरला, ते श्रेय तुझं. स्वतःसाठी एक अक्षर न विचारणाऱ्या बायका हलीमासाठी सगळं विचारायला लागल्या. हलीमाच्या हातचं खाल्लं तर चालतं काय? चालतं. तिच्या पोराला मिठी मारली तर? मारा. तिने पुन्हा निकाह केला तर मूल निरोगी होईल? औषध नीट घेत राहिली, डॉक्टरकडे जात राहिली, तर होऊ शकतं. ज्या बाईने गावातलं ते वेगळं ताट सांगितलं होतं ती चौथ्या गुरुवारी म्हणाली, "ती बिचारी एकटी जेवत असेल." मग एकदा अजान झाली आणि कुणीतरी सहज बोलून गेलं, "हलीमाच्या गोळीची वेळ झाली." पुढे तो रिवाजच झाला. बाहेर हूऱ्याचे हॉर्न वाजत असायचे, आत डोक्यावर पदर-दुपट्टे यायचे, आणि कुणी ना कुणी ते म्हणायचंच. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर नंतर ते ऐकलं की हातावर काटा यायचा. नसलेल्या बाईच्या नसलेल्या गोळीची दहा जणी वाट बघतात, हे बरं लक्षण नव्हे असं वाटायचं.

आणि ते चपलांचं. हजेरीत नाव लिहायला बायका घाबरायच्या, म्हणून मी दाराबाहेरच्या चपलांचे जोड मोजून वहीत आकडा लिहायचे. आत येऊन डोकी मोजली की एक जोड जास्त. दर गुरुवारी. काळ्या रबरी चपला, उजव्या पट्ट्याला पांढऱ्या दोऱ्याने घातलेला टाका. खालाच्या चपला आतल्या फडताळात असतात, त्यामुळे तिच्या नव्हेत. मी तुला म्हटलं तर तू म्हणालीस, "तू माणसं मोज गो, पायताणं कशाला मोजतेस?" आणि मला लिफ्टकडे ढकललंस. "तू पुढे हो, मी खालाला आवरू लागते." दर वेळी हेच. तू पुढे हो. मी खाली किराणाच्या कोल्ड स्टोअरच्या दारात बाबांच्या गाडीची वाट बघत उभी राहायचे, आणि तुझी गाडी कधी निघते ते मला कधीच दिसलं नाही.

मग खालाने डबा दिला. स्टीलचा, कडीचा, आत सांदणं. "हलीमाला दे. माहेरचं खाईल." तू तो सरळ घेतलास. मी लिफ्टमध्ये तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, नसरीन, मफी हलीमा, कुणी हलीमा नाहीये, आता हे अति होतंय, डबा काय समुद्रात टाकणार का? तू म्हणालीस, "पोचवते." पुढच्या गुरुवारी डबा परत आला, लख्ख घासलेला, आणि रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून आत रव्याची नानखटाई. मी एक खाल्ली. जरा करपलेली होती. तुला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, तुझी अम्मी कधी काही करपू देत नाही, मग ही केली कुणी, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, ते विचारायचं मी नेमकं विसरते आणि नको तिथे तोंड उघडते. हे तू मला किती वेळा सांगितलंस.

त्यानंतर बायकांना ती दिसायला लागली. एकीला कोल्ड स्टोअरमध्ये दूध घेताना दिसली. एकीला लिफ्टमध्ये भेटली, सलाम केला, चौथ्या मजल्यावर उतरली. एकीच्या मते ती उंच, दुसरीच्या मते ठेंगणी, दोघींनी तिसऱ्या मजल्यावरून भर दुपारच्या उन्हात तिला समोरच्या गच्चीवर चादरी वाळत घालताना पाहिलं होतं. आणि एकीने तर गावाला फोन लावून विचारलं. मंडणगडकडून निरोप आला, "हां, होती एक हलीमा. बहरीनलाच गेलेली."

तेव्हा मात्र मी घाबरले. मला भुताखेताची भीती नव्हती. म्हणजे थोडी होती, पण ते सोड. मला वाटलं, खरंच कुणी हलीमा नावाची बाई गावाकडून इकडे आलेली असेल, आणि आपली गोष्ट तिच्या गळ्यात पडेल. आख्खं गाव बोट दाखवेल. मी तुला सांगितलं, ही बाई आता बंद कर. तू म्हणालीस, नाही. मी म्हटलं, हा खोटेपणा आहे, आपण आरोग्याचं शिक्षण देतोय, गोष्टी सांगायचा धंदा नाही. तू म्हणालीस, "खरं सांगितलंस तेव्हा समोसे खात होत्या." आठवतंय? कॅन्टीनमध्ये बसलो होतो, सर्किटवर गाड्यांचा सराव चालू होता, दर मिनिटाला तो आवाज येऊन जात होता आणि तू त्यातही आवाज न चढवता बोलत होतीस. मला न चढवलेल्या आवाजाचा फार राग येतो.

पुढच्या गुरुवारी तुला ताप होता. मी एकटी गेले.

नसरीन, मी ठरवून गेले होते. वाटलं, एका दगडात दोन पक्षी: अफवाही मिटेल, आणि औषध सोडू नये हेही ठसेल. समोसा खाल्ला, आधी खाल्ला, तुझं ऐकून. आणि मग सांगितलं: "वाईट बातमी आहे. हलीमा गेली. तिने गोळ्या सोडल्या होत्या."

खालाने पुटपुटत दुवा म्हटली. मग प्रश्न आले, आणि मला ते येणार हे सुचलंच नव्हतं. कधी गेली? दफन कुठे केलं? इथे की गावाला? गुस्ल, शेवटची आंघोळ, कुणी घातली? शेवटचं पाणी कुणी पाजलं? मी तोंडाला येईल ते सांगत गेले. म्हटलं, इथेच, कुणी नव्हतं जवळ. त्यावर एक बाई रडायला लागली. मग खालाने आतून किताब आणली आणि सगळ्यांनी मिळून तिच्या नावाने कुराणातली यासीन पढली. न जन्मलेल्या बाईसाठी. मी मधोमध मांडी घालून बसले होते आणि मला उठता येत नव्हतं. मध्ये असरची अजान झाली. गोळीचं कुणीच बोललं नाही. त्याच वेळी स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. खाला उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

निघताना मी सवयीने चपला मोजल्या. आकडा बरोबर आला. पांढऱ्या टाक्याचा जोड नव्हता. मला वाटलं, सुटले.

रविवारी तू कॉलेजात आलीस ते तोंड उतरून. तापाने असेल असं मला वाटलं. तू एकच वाक्य बोललीस: "तू कुणाला मारलंस, ते तुला ठाव नाय केतकी." पुणेकरीण नाही, केतकी. आणि उठून गेलीस. मीही ताठ्यात. म्हटलं, येईल आपोआप. आठवडाभर आपण एका वर्गात बसलो आणि बोललो नाही. मधल्या गुरुवारी तू एकटीच खालाकडे गेलीस, मी पोट दुखतंय म्हणून घरी बसले. माझ्या फोनमध्ये तुला लिहिलेला एक मेसेज अजून अर्धा पडलाय: "बरं बाई, तूच शहाणी, पण निदान". पुढे काय लिहायचं होतं ते आता आठवत नाही.

शनिवारी धूळ होती. झल्लाकच्या रस्त्यावर समोरचं दिसत नव्हतं, म्हणून तुझी गाडी आदळली, असं सगळे म्हणाले. तू त्या रस्त्याला कशाला गेली होतीस, हे तुझ्या अब्बांनी मला तीनदा विचारलं. झल्लाकला आपलं कोण आहे? हॉटेलं आहेत आणि समुद्र आहे.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. त्या गादीवर बसले. निघताना बाहेर चपला मोजल्या, तुझ्या घरी, अशा दिवशीही, सवय वाईट. ढिगाच्या कडेला पांढरा टाका दिसला. मी बघितला आणि लिफ्टचं बटण दाबलं. डोकं ते घ्यायला तयार नव्हतं. तेवढ्यात तुझी अम्मी बाहेर आली आणि तिने माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. एक आपल्या प्रोजेक्टचा तो जुना फोन, जो कायम तुझ्याकडे असायचा. दुसरा खालाचा कडीचा डबा. गाडीत होता, म्हणाली. आत सांदणं होती, खराब झालेली, ती टाकून घासून ठेवलाय. कुणाचा हाय तुला ठाव असेल. मी उघडला तर आत साखर. "रिकामा कसा देऊ गो," म्हणाली तुझी अम्मी. मी तिथे लिफ्टच्या दारात रडले, आणि तिनेच माझे डोळे पुसले.

फोन मी दोन दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा त्यात एकच नंबर भरलेला होता. नावाच्या जागी नुसतं एक अक्षर, 'ह'. आणि मिस्ड कॉल. गुरुवार सोडला तर रोज एक. अडीच-तीनच्या सुमाराला, असरच्या अजानेनंतर दोन-चार मिनिटांनी. एकही उचललेला नाही, एकाही कॉलला तुझ्याकडून परत फोन नाही. कितीतरी महिने, न चुकता, आणि मग खलास. मी हलीमाला मारलं त्या गुरुवारापासून पुढे तिकडून एकही नाही, फक्त तू लावलेले, तिकडे न उचललेले.

दुपारची वेळ होती, स्वच्छ ऊन होतं, आई स्वयंपाकघरात फोडणी घालत होती, आणि मला माझ्याच खोलीत बसवेना. मेलेल्या माणसाचा फोन यायचा बंद होतो, हे बरोबरच आहे. पण हलीमा जिवंत असताना तिचे फोन येत होते, याचं मी काय करू?

परवाच्या गुरुवारी डबा परत करायला खालाकडे गेले. तिथे इतर कुणी नव्हतं, बायका अजून यायच्या होत्या. खालाने मला बसवलं, पाणी दिलं आणि ते सांगितलं, ज्याने मी हे लिहायला सुरुवात केली: हलीमा येऊन गेली, माझ्याच बाजूला बसलेली. मी म्हटलं, खाला, हलीमा नाहीये. नसरीनने बनवली होती. खालाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तक्त्यावर पट्टी आपटली तेव्हा बघितलं असेल.

"नाव बनवलेलं असेल," ती म्हणाली. "माहेर बनवलेलं असेल. बाय बनवलेली नव्हती."

आणि तिने मला स्वयंपाकघराच्या पडद्याआड नेलं. तिथे ओट्याखाली एक प्लास्टिकचा स्टूल होता. झल्लाकच्या हॉटेलात चादरी बदलणारी ती बाई दर गुरुवारी तुझ्या गाडीतून यायची, सगळ्यांच्या आधी, आणि त्या स्टुलावर बसायची. आम्ही सगळ्या गेल्यावर तू तिला परत पोचवायचीस. म्हणून "तू पुढे हो." खालाला तू सांगितलं होतंस की लाजरी आहे, भजी तळायला मदत करेल. खालाने दोन गुरुवारांतच ओळखलं, पण नाव विचारलं नाही. "तिनेच नसरीनला सांगितलेलं," खाला म्हणाली, "माझं नाव सोडून सगळं सांग. मना ऐकायचं हाय, माझ्याबद्दल बायका काय म्हणतात."

म्हणजे वेगळं ताट-वाटी तिने ऐकलं. मग "ती बिचारी एकटी जेवत असेल" तेही ऐकलं. दहा जणी तिच्या गोळीची आठवण काढायच्या, तेव्हा ती पडद्यामागे ओट्यावरच्या ग्लासातून पाण्याबरोबर गोळी घेत असायची. इतर दिवशी घेतली की तुला मिस्ड कॉल. तू उचलायचा नाही, तिने वाजवून ठेवायचा, म्हणजे झालं. औषध तू कुठून आणि कसं तिच्यापर्यंत येऊ देत होतीस, कुठल्या डॉक्टरला भरीला घातलं होतंस, ते मला माहीत नाही आणि तू मला सांगितलं नाहीस ते बरोबरच केलंस. माझं तोंड तुला माहीत होतं.

आणि त्या गुरुवारी ती एकटी टॅक्सी करून आली होती. पडद्यामागे बसून तिने माझ्या तोंडून ऐकलं की ती मेली. गोळ्या सोडून मेली, तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिने स्वतःच्या नावाची यासीन ऐकली. भांडं पडलं ते तिच्या हातातलं. खाला आत गेली तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती आणि म्हणत होती, "सगळ्या रडतात बघ. चांगली होती म्हणतात. आता हेच राहू दे." गोळी ओट्यावर तशीच पडली होती. मग ती मागच्या जिन्याने वळसा घालून, पुढच्या दारातल्या चपला उचलून गेली.

तू तापातून उठून तिला शोधत होतीस. ती तुझा फोन घेत नव्हती. शनिवारी तू सांदणं घेऊन निघालीस, धुळीत, आणि तू पोचली नाहीस. मी ताठ्यात बसले नसते तर त्या गाडीत मी असते, निदान तुला म्हटलं असतं की आज धूळ आहे, उद्या जाऊ. हे मी कुणाला बोलले नाही. तुझ्या अम्मीला कधी बोलू शकेन असं वाटत नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेता येण्यासारखं हे नाही. माझ्या एका खोट्या मरणाने एक खरं मरण ओढून आणलं, आणि दुसरं अजून वाटेवर आहे. औषध सोडल्यावर शरीरात काय होत जातं ते मला पाठ आहे, नसरीन, त्याच तक्त्यावर आहे ते.

मी तिथेच स्टुलावर बसून त्या नंबरावर फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग आवाजाचा मेसेज केला. काय बोलले ते नीट आठवत नाही. म्हटलं, मी केतकी, ती तक्तेवाली. हलीमा गेलेली नाही. मी खोटं बोलले. तुम्हाला घाबरवायला नव्हे, मला माहीतच नव्हतं की तुम्ही आहात. नसरीन तुमच्याकडे निघाली होती, डबा घेऊन. ती तुमच्यामुळे गेली असं मनात आणू नका, ते माझ्याकडे राहू दे. तुम्ही फक्त गोळी घ्या. डॉक्टरकडे मी बरोबर येईन. माझ्याशी बोलू नका हवं तर.

खालाने फोन माझ्या हातातून घेतला आणि शेजारणीला हाक मारावी तसं त्यात बोलली, "गो बाय, गुरुवारी ये. सांदणं करते. आणि आत नको बसू, बाहेर ये, गरम होतं आत."

मग बायका आल्या. मी त्यांनाही सांगितलं की हलीमा जिवंत आहे, चुकीची बातमी दिली मी. मला वाटलं होतं, फाडून खातील. जी त्या दिवशी रडली होती ती म्हणाली, "मना वाटलंच. काल तर दिसली मना." कुठे दिसली, हे मी या वेळी विचारलं नाही. अजान झाली. डोक्यांवर पदर-दुपट्टे आले, आणि मग कुणीतरी म्हटलं ते.

शुक्रवारी मी फोन समोर ठेवून बसले. काही नाही. मेसेज ऐकल्याची खूण आली होती, फोन नाही. शनिवारी तू जाऊन आठ दिवस झाले. आई म्हणाली, जेव तरी. मी फोन ताटाशेजारी ठेवून जेवले. काही नाही.

मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. इतके गुरुवार एका पडद्याचं अंतर होतं, आणि त्या दिवशी तर पडदाही नव्हता, ती माझ्या हाताला लागून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं असणार. आवाजावरून ओळखलं असणार. मला जागा रिकामी दिसली. कधी कधी वाटतं, खालालाही भास झाला असेल, आणि तो पांढरा टाका मला दुःखात दिसला असेल. मग मी फोन उघडून ते जुने मिस्ड कॉल बघते, खाली सरकवत जाते, सरकवत जाते, आणि ते संपत नाहीत. तू कितीतरी महिने रोज दुपारी थांबून, काहीही करत असलीस तरी थांबून, एक फोन न उचलता ऐकलास. वर्गातसुद्धा तू तेव्हा गप्प व्हायचीस. मला वाटायचं, नमाजाची वेळ म्हणून.

आज रविवार. मी लेक्चर बुडवून घरी आहे. अडीचला अजान झाली. मी पेन खाली ठेवलं.

दोन मिनिटं झाली. चार झाली. सहा झाली.

फोन वाजला. एकदा पूर्ण वाजला, 'ह' दिसलं, आणि बंद झाला.

मी उचलला नाही, नसरीन. हात गेला होता, पण उचलला नाही. आता रोज मी इथे आहे.

तू पुढे हो. मी खालाला आवरू लागते.